दोन पॉइंट एक

भोसरीत मी चौदा वर्षं भोकं मोजतोय.
बोअर गेजनं, दिवसाला तीनशे.
दोन शतांश इकडचं तिकडं झालं
की माल परत.
म्हणून केतकर बाईंनी केसपेपरच्या मागे
दोन जाड नळ्या काढल्या,
त्यांच्यामध्ये एक बारकी आडवी,
आणि म्हणाल्या, दोन पॉइंट एक मिलिमीटर,
तेव्हा मला फक्त आकडा कळला.

पोटात असताना फुप्फुसांना काम नसतं, त्या म्हणाल्या,
रक्त त्यांना वळसा घालून जातं,
आपल्या कात्रज बायपाससारखं.
जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत तो रस्ता आपोआप मिटतो.
पण हा सत्ताविसाव्या आठवड्यात आलाय,
त्याच्या अंगाला अजून पत्ताच नाही
की आपण बाहेर आहोत.

नऊशे चाळीस ग्रॅम.
टोपी मोसंबीला बसेल एवढी.
मनगटावर पट्टी: बेबी ऑफ तेजल.
नाव ठरलं होतं आमचं,
ते आम्ही एकमेकांतसुद्धा उच्चारत नव्हतो.

आधी आयबुप्रोफेन दिलं.
इथे डायपरचं वजन करतात,
सोनाराकडे असतो तसल्या काट्यावर.
ओला वजा कोरा.
सहा ग्रॅम.
दुसऱ्या डोसनंतर तीन.
मग नुसताच कोरा.
बिजी सिस्टर काटा परत परत शून्यावर आणत राहिल्या,
जणू चूक काट्याची होती.
औषध थांबवलं.

मग पॅरासिटामॉल.
मी विचारलं, तेच का? तापाचं?
तेच. शिरेतून, दर सहा तासांनी, चौदा मिलिग्रॅम.
माझ्या खिशात त्याचीच स्ट्रिप होती,
रात्रपाळीच्या अंगदुखीची, दोन गोळ्या संपलेल्या.
काढून बघितली.
गल्लीतला रोजचा पोरगा
एकदम वर्दीत दिसावा, तसं झालं.

जिन्यावर मुबारक तांबोळी असायचा, बारामतीचा.
त्याची पोरगी पूर्ण दिवसांची, तीन किलो,
ओठ तेवढे जांभळासारखे.
हृदयातून फुप्फुसाकडे जायचा खरा रस्ता
तिच्यात झालाच नव्हता,
सगळं चाललेलं त्या बायपासवर.
तो मिटू नये म्हणून चोवीस तास ड्रिप.
ते इंजेक्शन त्यानं रास्ता पेठेतून
थर्मासमध्ये बर्फ घालून आणलेलं,
रिक्षाभर मांडीवर धरून,
खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलून.

एकच खोली, एकच एसी,
माझ्या पोराचं मिटायला हवं,
त्याच्या पोरीचं उघडं राहायला.
मी मुबारकला म्हटलं,
मला देवाला बेड नंबर सांगावा लागतो रे,
चार मिटव, सहाला हात लावू नको.
तो हसला. म्हणाला, मीपण सांगतो, उलटा.
मग दोघंही गप्प बसलो,
वर दोघांचं ऐकताना घोटाळा झाला तर, म्हणून.

बारा डोस.
पहाटे चारचा मी काचेतून बघायचो.
सिरिंजचा पंप इतका हळू,
की सरकतोय का ते कळायला
काचेवर पेनानं खूण केली.
सातव्या डोसनंतर डायपर: सात ग्रॅम.
तेजलला सांगितलं तशी ती डबा उघडून जेवली,
गार पोळी, नुसत्या लोणच्याबरोबर.

चौथ्या दिवशी पडद्यावर लाल-निळं उसळलं.
बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग, पॉइंट चार. केसाएवढी राहिलीय. चालेल.

चालेल.
हा शब्द मी भोसरीत कुणाकडून
कधी ऐकून घेतलेला नाही.

मुबारकच्या पोरीला आदल्या रात्री अडीचला नेलं,
ऑपरेशनला, दुसऱ्या हॉस्पिटलात, ड्रिप चालू ठेवूनच.
त्याचा फोन लागत नाही.
थर्मास जिन्यावर राहिला.
उघडला तर आत पाणी, अजून गार.
ते ओतलं, खालच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून भरला.
आता रोज भरतो.
आत काही नाही.